नन्स आयलंडचा पेट्रोल पंप, माँट्रिऑल

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, माँट्रिऑल शहराच्या व्हर्डन विभागातील सेंट लॉरेन्स नदीतल्या बेटावरची वास्तू. वास्तुविशारद लुडविग मीस व्हान डर रोह (1886–1969). जवळपास चाळीस वर्षे येथे एस्सोचा पंप होता. आता ‘ला स्तासियाँ’ या नावाने परिसरातील तरुण आणि ज्येष्ठ नागरिकांचे केंद्र चालते.

हे बेट दीर्घकाळ एका ख्रिस्ती जोगिणींच्या संघाच्या मालकीचे होते, त्यावरूनच त्याचे नाव पडले. 1962 मध्ये शॅम्प्लेन पूल झाला आणि शेतीच्या या जमिनीवर नवे उपनगर उभे राहू लागले. वसाहतीचे काम शिकागोच्या एका विकसक कंपनीकडे होते. मीस यांचे या कंपनीशी जुने संबंध होते आणि बेटावरच्या काही निवासी इमारतीही त्यांच्याच आहेत. एस्सोचे पंप चालवणाऱ्या इंपीरियल ऑइल कंपनीने पंपाचे काम त्यांच्याकडे सोपवले ते 1960 च्या दशकाच्या अखेरीस. बर्लिनचे नवे राष्ट्रीय कलादालन त्याच सुमारास पूर्ण होत होते. कलादालन आणि पेट्रोल पंप यांसाठी मीस यांनी वेगवेगळी भाषा वापरली नाही, ही या वास्तूची खरी गंमत. येथेही तेच पोलाद, तीच काच आणि तेच सपाट छप्पर आहे.

रचना अगदी साधी आहे. एका लांब, ठेंगण्या पोलादी छपराखाली दोन टोकांना काचेची दोन दालने आहेत. एकात विक्री चाले, दुसऱ्यात गाड्यांची दुरुस्ती. मधली जागा मोकळी; तिथे पंप आणि पंपावरच्या माणसासाठी काचेची छोटी केबिन होती. छताला ट्यूबलाइटच्या समांतर रांगा आहेत आणि त्या काचेपाशी न थांबता आतून बाहेर तशाच पुढे जातात. त्यामुळे रात्री आधी नजरेत भरते ते छप्पर, भिंती त्यानंतर.

धंद्याच्या गरजेप्रमाणे पुढे आतली मांडणी बदलत गेली. मूळचे फर्निचर आणि उपकरणे गेली, गाड्या धुण्याची सोय आली. 2008 मध्ये पंप बंद झाला. बंद पंपाचे पुढे काय होते ते ठरलेलेच असते: जमिनीखालच्या टाक्या काढा, तेल मुरलेली माती साफ करा आणि मोक्याचा भूखंड विका. येथे तसे झाले नाही. 2009 मध्ये माँट्रिऑल महापालिकेने वास्तूला वारसा दर्जा दिला आणि नंतर तिचे सामाजिक केंद्र करण्याचे काम हाती घेतले. एरिक गोतिए यांच्या एफएबीजी या वास्तुरचना संस्थेने केलेले हे रूपांतर 2011 मध्ये पूर्ण झाले.

गोतिए यांनी जुना पंप जसाच्या तसा उभा करण्याचा आग्रह धरला नाही. दालने रिकामी केली. एकाचा अंतर्भाग पांढरा ठेवला, दुसऱ्याचा काळा. गाड्या आत येण्यासाठी केलेल्या या मोठ्या सलग खोल्या व्यायामाला, पत्त्यांच्या डावाला किंवा सभेला तितक्याच सोयीच्या ठरल्या. खरी अडचण काचेची होती, कारण माँट्रिऑलचा हिवाळा कडक असतो. त्यासाठी भूगर्भातील उष्णता वापरणारी यंत्रणा बसवली. तिची हवा आत घेणारी व बाहेर सोडणारी धुराडी जुन्या पंपांच्या जागी, पंपांसारखीच दिसणारी उभी केली. पेट्रोलच्या पंपाची आठवण इंधन वाचवणाऱ्या यंत्रावर चढवणे थोडे खट्याळपणाचे आहे, पण खोट्या पंपांच्या प्रतिकृती मांडण्यापेक्षा ते बरेच प्रामाणिक वाटते.

उलट उदाहरण डेन्मार्कमध्ये आहे. कोपनहेगनच्या उत्तरेला स्कोव्हसहोव्ह येथे आर्ने याकबसन यांनी 1930 च्या दशकात बांधलेल्या पंपावर इंधनाची विक्री थांबलेली नाही, जोडीला आइस्क्रीमही मिळते. तेथे मूळ धंदा टिकल्याने वास्तू टिकली. माँट्रिऑलमध्ये धंदा गेल्यावर वास्तूचे काय करायचे, हे महापालिकेला ठरवावे लागले. रचनाकाराचे नाव मोठे नसते, तर त्या भूखंडावर बहुधा आणखी एक निवासी इमारत उभी राहिली असती.