छत्तीस घट कशासाठी?

जुन्या सौर दिव्याच्या पॅनेलवरचे निळे घट मोजले तर ते बहुधा छत्तीस भरतात. आपल्याकडे खेडोपाडी वाटल्या गेलेल्या ३७ वॅटच्या घरगुती संचावर ३६, आणि अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या कॅरव्हानच्या छतावर पाहिले तरी ३६च. सूर्याच्या दृष्टीने या आकड्यात काही विशेष नाही. तो ठरवला मोटारीच्या बॅटरीने. हा हिशेब कॅरव्हानमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, सर्वांत चांगला समजतो. कारण तेथे ऊन, इंजिन आणि जनित्र या तिघांनाही एकाच बॅटरीशी जमवून घ्यावे लागले.

शिसे-आम्ल बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. मोटारीत तिला कायमची जागा मिळाली ती १९१२ नंतर. त्या वर्षी चार्ल्स केटरिंग यांनी केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला आणि हॅंडल मारण्याचा त्रास संपला. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या मध्याला मोटारींचा विद्युतदाब ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेला. बारा म्हणजे सुमारे दोन-दोन व्होल्टचे सहा घट एकापुढे एक जोडलेले.

फिरत्या घरातही वीज हवीच होती. १९३६ च्या एअरस्ट्रीम क्लिपरमध्ये पाण्याचा साठा आणि विजेचे दिवे होते. पुढे इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर आले तेव्हा एक साधी अडचण उभी राहिली: मुक्कामी रात्रभर दिवे जाळावेत तर सकाळी इंजिन सुरू होईना. उपाय म्हणून घरासाठी दुसरी बॅटरी आली. दोन्ही बॅटऱ्या अल्टरनेटरला थेट जोडल्या तर घरातले दिवे इंजिनाच्या बॅटरीतूनही वीज ओढणार, म्हणून मध्ये डायोड बसवले. वीज अल्टरनेटरकडून दोघींकडे जाईल, पण एकीकडून दुसरीकडे जाणार नाही. मात्र सिलिकॉनचा डायोड आपली ०.७ व्होल्टची पट्टी घेतोच. अल्टरनेटरने १४.२ व्होल्ट दिले तरी बॅटरीपाशी १३.५ पोचतात. एवढ्यावर शिशाची बॅटरी पूर्ण भरत नाही, अर्धपोटी राहते.

सौरघट याच सुमारास पण अगदी वेगळ्या वाटेने येत होता. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांचा सिलिकॉनचा सौरघट बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये जाहीर केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. १९५५ मध्ये जॉर्जिया राज्यातील अमेरिकस येथे टेलिफोनच्या खांबावर त्याची चाचणी झाली. दिवसा बॅटरी भरायची, रात्री वापरायची. म्हणजे जमिनीवर पाऊल ठेवले तेव्हापासूनच सौरघटाला बॅटरीची सोबत होती. किंमत मात्र परवडणारी नव्हती, आणि १९५८ च्या व्हॅनगार्ड-१ पासून त्याला खरे गिऱ्हाईक मिळाले ते अवकाशात. १९७३ मध्ये इलियट बर्मन यांनी एक्सॉनच्या पैशावर सोलर पॉवर कॉर्पोरेशन काढली आणि वॅटचा भाव सुमारे १०० डॉलरवरून २० वर आणला. समुद्रातले तेलाचे मनोरे आणि बोयांवरचे दिवे हे त्यांचे पहिले ग्राहक. कॅरव्हान आणि शिडाच्या होड्या त्यांच्या मागून आल्या.

आता छत्तीसचा हिशेब. पूर्ण उन्हात, २५ अंश तापमानाला एक घट कामाच्या वेळी सुमारे ०.५ व्होल्ट देतो. छत्तीस घटांचे १८ व्होल्ट. बॅटरी १२ ची असताना १८ कशाला? कारण पूर्ण भरायला तिला १४.४ च्या आसपास लागतात, आणि छतावरचा घट २५ अंशांवर राहत नाही. ऊन्हाळ्यात तो सहज ६५ अंशांवर जातो. दर अंशाला घटामागे साधारण २ मिलिव्होल्ट कमी होतात. ४० अंश आणि ३६ घट म्हणजे २.९ व्होल्ट गेले. राहिले १५.१. रात्री बॅटरीची वीज उलट पॅनेलमध्ये जाऊ नये म्हणून बसवलेला डायोड आणखी अर्धा व्होल्ट खातो. उरले १४.६. काठावर पास! वर्गात हे गणित ३० घट घेऊन करावे. तशी पॅनेले १९८० च्या दशकात ‘नियंत्रक नको, आपोआप थांबते’ म्हणून विकली जात. थंड हवेत ती चालत. कडक उन्हात त्यांचे १२.१ च्या आसपासच उरत, म्हणजे नेमकी भर उन्हात ती हात वर करत.

पण केवळ विद्युतदाब जुळला म्हणून ही भागीदारी टिकली नाही. शिशाची बॅटरी रिकामी असताना भराभर वीज घेते. ८० टक्क्यांच्या पुढे मात्र तिचा घास लहान होतो आणि उरलेल्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. तेवढ्यासाठी जनित्र धडधडत ठेवणे म्हणजे इंधनाची नासाडी, शिवाय शेजाऱ्यांच्या शिव्या. आणि अर्धवट भरलेली बॅटरी तशीच ठेवली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसून तिचे आयुष्य घटते. पॅनेलची वीज थोडी, पण दिवसभर चालणारी. सकाळी तासभर इंजिन किंवा जनित्र, मग संध्याकाळपर्यंत ऊन, असा क्रम अनुभवातून रूढ झाला. माझ्या मते संकरित ऊर्जेच्या पुस्तकी व्याख्यांमध्ये नेमके हेच निसटते. तेथे वॅटची बेरीज असते, पण कोणत्या स्रोताने कोणत्या वेळी यायचे हे नसते.

या जुळवणीत पॅनेलचे नुकसानही होत असे. १७ व्होल्टला ३ अँपिअर, म्हणजे ५१ वॅट देऊ शकणारे पॅनेल १२.५ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडले की ३७.५ वॅटच देते; प्रवाह जवळजवळ तोच राहतो, दाब बॅटरी ठरवते. पॅनेलला त्याच्या सोयीच्या दाबावर ठेवून बॅटरीला तिच्या सोयीचा दाब देणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक स्वस्त झाले तेव्हा ही गाठ सुटली. मग इमारतींसाठी बनणारी ६० किंवा ७२ घटांची स्वस्त पॅनेलेही कॅरव्हानवर चढली.

बॅटरीही बदलली. लिथियम-लोह-फॉस्फेटचे चार घट मिळून १२.८ व्होल्ट होतात. अर्धवट भरून ठेवले तरी ती बिघडत नाही, आणि जवळजवळ भरेपर्यंत घास मोठाच घेते. इतका मोठा, की मोकळे सोडले तर अल्टरनेटर तापून जळण्याची भीती. त्यामुळे डायोडच्या जागी आता प्रवाहाला मर्यादा घालणारा, दाब वाढवून देणारा चार्जर बसवतात. पूर्वी काळजी बॅटरी उपाशी राहण्याची होती, आता अल्टरनेटर दमण्याची आहे.