रक्तक्षय आणि वृद्ध रुग्णांचे पडणे
जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दर डेसिलिटर रक्तात हीमोग्लोबिन पुरुषांत १३, तर स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी असणे म्हणजे रक्तक्षय अर्थात ॲनिमिया. लोहाची कमतरता, मूत्रपिंडाचा जुनाट विकार आणि दीर्घकालीन दाह ही उतारवयातील नेहमीची कारणे. ऑक्सिजन अपुरा पडून पायांतले बळ जाते, उठताच घेरी येते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावात मेरुरज्जूलाही इजा होते आणि पाऊल कुठे पडते आहे हे अंधारात समजेनासे होते. रुग्णालयात शौचालयासाठी उठणारा म्हातारा माणूस तर अनेकदा रात्री उठतो. मूत्रल किंवा झोपेच्या गोळ्या धोका वाढवतात. निजलेल्या व उभ्या स्थितीत रक्तदाब मोजणे सोपे, तरी ते अनेकदा राहून जाते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब २० मिमी. उतरल्यास रुग्णाला एकट्याने चालू देऊ नये.