टोलेंटिनो : थॉमस बंधूंचें गांव

इ. स. १३२१ च्या एप्रिल महिन्यांत ठाणें येथें ज्या चार फ्रान्सिस्कन बंधूंनीं श्रद्धेसाठीं प्राण दिले, त्यांत वडील होते ते बंधु थॉमस. आपण वसईकर, ठाणेकर म्हणतों, त्याच रीतीनें इतिहासानें त्यांस त्यांच्या गांवावरून ओळखिलें आहे : थॉमस टोलेंटिनोकर. परंतु तें टोलेंटिनो कोठें व कसें, हें आपल्यांतील थोड्यांसच ठाऊक असेल. ज्युबिलीच्या या प्रसंगीं त्या गांवाची ओळख वाचकांस करून द्यावी, असें मनांत आलें.

मध्य इटलीच्या मार्के प्रांतांत, आपेन्नीन पर्वत व आड्रियाटिक समुद्र यांच्या मधोमध, किएंती नदीच्या कांठीं हें गांव वसलें आहे. वस्ती रोमन काळापासूनची. चौथ्या शतकांतील कातेर्वियुस नामक रोमन अधिकाऱ्याची संगमरवरी कोरीव शवपेटी तेथील मुख्य देवळांत असून त्यासच गांवानें आपला संरक्षक संत मानिलें. १२६८ सालीं बेंतिवेन्या नांवाच्या कुशल गवंड्यानें किएंतीवर दगडी कमानींचा पूल बांधिला. लोक त्यास 'सैतानाचा पूल' म्हणतात, कारण सैतानाच्या मदतीवांचून असें काम होणें नाहीं, अशी दंतकथा आहे. बिचाऱ्या गवंड्याचें श्रेय असें भलत्यासच मिळालें!

परंतु टोलेंटिनोचें नांव जगभर झालें तें एका साध्या ऑगस्टिनियन धर्मगुरूमुळें. संत निकोलस यांचा जन्म जवळच्याच सांत आंजेलो गांवीं १२४५ चा. सुमारें १२७५ पासून ते टोलेंटिनोच्या मठांत राहिले, व १० सप्टेंबर १३०५ रोजीं तेथेंच वारले. तीस वर्षांत त्यांनीं कांहीं मोठें राजकारण केलें नाहीं, ग्रंथ लिहिले नाहींत. प्रवचन करावें, पापनिवेदन ऐकावें, गोरगरिबांचीं व आजाऱ्यांचीं घरें हिंडावीं, शुद्धिस्थानांतील आत्म्यांसाठीं मिस्सा अर्पावी, एवढेंच त्यांचें जीवित. १३२५ सालीं त्यांच्या संतपदाची चौकशी झाली, तेव्हां ३७१ साक्षीदारांनीं शपथेवर जबान्या दिल्या. त्या जबान्यांत गांवच्या माणसांचीं दुखणीं, लेंकरांचीं आजारपणें व घरोघरचे नवस आले आहेत. राजेरजवाड्यांच्या बखरींत जें सांपडत नाहीं, तें येथें सांपडतें, म्हणून मला तरी हें दप्तर मोठें मोलाचें वाटतें. पोप चौथे यूजीन यांनीं १४४६ सालीं त्यांस संत जाहीर केलें.

त्यांच्या देवळालगतच्या मोठ्या चॅपलांत चौदाव्या शतकांतील रिमिनीच्या चित्रकारांनीं भिंतीपासून छतापर्यंत चित्रें रेखाटिलीं आहेत. ज्योत्तोची छाया त्यांवर स्पष्ट आहे. खालीं संतांचें चरित्र, वर प्रभु येशू व पवित्र मारियेचें. ज्यास अक्षर येत नाहीं, त्यासही तें वाचतां यावें. देवळाचें दगडी महाद्वार निकोलो माउरूत्सी या टोलेंटिनोच्याच सेनापतीच्या पैशानें १४३२ ते १४३५ च्या सुमारास उभें राहिलें. २०१६ च्या भूकंपांनीं या गांवास मोठा धक्का बसला.

आतां थॉमस यांच्याकडे वळूं. तेही याच मातींतले, पण त्यांचा मार्ग निराळा. संत फ्रान्सिसची गरिबी अक्षरशः पाळावी, असा आग्रह धरिल्याबद्दल त्यांस आपल्याच संघाच्या वडिलांनीं कैदेंत टाकिलें. १२८९ च्या सुमारास नव्या महासेवकांनीं त्यांस सोडवून आर्मेनियास पाठविलें. तेथून राजाचे वकील होऊन ते पोपमहाराजांकडे व फ्रान्स-इंग्लंडच्या राजांकडे मदत मागावयास आले. पुढें १३०७ सालीं चीनमधील मिशनऱ्यांचा वृत्तांत त्यांनीं पोप पांचवे क्लेमेंट यांच्यासमोर मांडिला.

उतारवयांत ते स्वतः चीनला निघाले. होर्मुझहून निघालेलें गलबत कोल्लमला न जातां ठाण्यास लागलें. ठाण्यांत तेव्हां नेस्टोरियन ख्रिस्त्यांचीं पंधरा घरें असल्याचें फ्रा ओडोरिक लिहितात. ज्या घरीं बंधु उतरले, तेथें नवराबायकोचें भांडण झालें. बायकोनें काजीकडे फिर्याद नेतांना पाहुण्यांची साक्ष सांगितली. त्या क्षुल्लक कज्ज्यापायीं बंधु काजीपुढें आले, प्रश्न धर्माचा निघाला, व उत्तर सौम्य करण्यास ते तयार झाले नाहींत. पाडुआचे याकोब, तिफ्लिसचे देमेत्रियुस व थॉमस यांचा वध झाला. सिएनाचे पीटर मागाहून मारले गेले. पांचवे सोबती फ्रा जॉर्डानुस तेव्हां भडोचकडे गेलेले होते, म्हणून वांचले.

जॉर्डानुस यांनीं ते देह सोपाऱ्यास पुरले. कांहीं वर्षांत ओडोरिक आले व त्यांनीं हाडें उकरून चीनमधील झैतून बंदरीं नेलीं. थॉमस यांस धन्य म्हणून मान्यता मिळाली ती १८९४ सालीं. त्यांच्या मस्तकाचा अवशेष टोलेंटिनोस परत पोहोंचला, असें तेथील परंपरा सांगते. आणि त्यांचें पहिलें थडगें होतें तें आपल्या सोपाऱ्यास.