उजव्या कडेची खाच

आमच्या घरात संगणकाचा इतिहास दोघं सांगायची. काकांकडे यंत्रांचा इतिहास होता. कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूनं बांधलेला, १९६० मध्ये पूर्ण क्षमतेनं सुरू झालेला संगणक, त्यातल्या सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला दिलेलं ‘टिफ्रॅक’ हे नाव, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ते स्वतः फोर्टातल्या एका कंपनीत आयबीएम १४०१ चालवत. मिनिटाला ६०० ओळी छापणाऱ्या प्रिंटरचा आवाज ते टेबलावर बोटं वाजवून ऐकवत.

आत्याकडे माणसांचा इतिहास होता. ती त्याच कंपनीत पंच ऑपरेटर. ‘‘हॉलमध्ये आम्ही सगळ्या मुलीच,’’ ती सांगायची. समोरच्या कागदावरची पगाराची नोंद वाचायची नि न बघता कळा दाबत ८० रकान्यांच्या कार्डावर भोकं पाडून उतरवायची. मग तोच कागद, तीच कार्डं दुसऱ्या मुलीकडे. ती व्हेरिफायरवर सगळं पहिल्यापासून पुन्हा मारी. कळ आणि भोक जुळलं नाही, की यंत्र अडे. तिसऱ्यांदाही जुळलं नाही तर त्या रकान्याच्या डोक्यावर खाच पडे आणि कार्ड नव्यानं करावं लागे. सगळं जुळलं तर खाच उजव्या कडेला. गठ्ठा कडेनं पाहिला तरी कुठलं कार्ड राहिलंय ते कळे.

१४०१ ची मेमरी फार तर १६,००० अक्षरांची. हजारो कामगारांचा पगार तिच्यात मावणार कसा? कंपनीची खरी आठवण कपाटांतल्या कार्डांमध्ये होती, आणि ती या मुलींच्या बोटांतून उतरली होती. संगणकाचा हिशेब चुकत नाही, हा विश्वास लोकांच्या मनात बसला, त्यात दोनदा मारलेल्या या कार्डांचा वाटा फार मोठा आहे.

१९७८ मध्ये आयबीएमनं भारतातून गाशा गुंडाळला. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. पुढे कार्डं गेली, पंचिंगचे हॉलही उठले. टिफ्रॅकमध्ये ट्यूब किती होत्या, हे आपण लिहून ठेवलं. पंचिंगच्या मुलींबद्दलही लिहायला हवं. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांच्या घरी अशी आत्या किंवा मावशी असेल, त्यांनी तिच्यापाशी बसावं, विचारावं आणि ती सांगेल ते आजच उतरवून घ्यावं.