इंग्रजी विशेषणे घडवणारे प्रत्यय

इंग्रजीत नामाला किंवा क्रियापदाला प्रत्यय जोडून विशेषण करण्याची रीत त्या भाषेइतकीच जुनी आहे. आज वापरात असलेले प्रत्यय मात्र एका काळातले नाहीत आणि एका कुळातलेही नाहीत. काही अँग्लो-सॅक्सन लोकांच्या मूळ बोलीतले आहेत, काही नॉर्मन विजेत्यांच्या फ्रेंचमधून आले, काही विद्वानांनी लॅटिन-ग्रीक ग्रंथांतून उचलले. एखाद्या नामाला कोणता प्रत्यय लागेल हे इंग्रजीत नियमाने सांगता येत नाही, याचे कारण या इतिहासात आहे.

जुन्या इंग्रजीचा काळ साधारणपणे पाचव्या शतकापासून अकराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत धरतात. त्या काळातले अनेक प्रत्यय मुळात स्वतंत्र शब्द होते. ‘लिक’ या शब्दाचा अर्थ देह किंवा रूप असा होता. मित्राचे रूप असलेला तो ‘फ्रेओंडलिक’. बोलता बोलता शेवटचा ‘क’ झिजला आणि आजचा ‘फ्रेंडली’ उरला. मूळ ‘लिक’ शब्द भाषेतून गेला, तरी चर्चच्या आवाराच्या ज्या छपराखालच्या दरवाजात शवपेटी टेकवत त्याला अजून ‘लिचगेट’ म्हणतात. याच ‘लिक’पासून क्रियाविशेषणाचा प्रत्ययही तयार झाला आणि झिजल्यावर दोन्ही रूपे सारखीच झाली. ‘फ्रेंडली’ आणि ‘डेली’ ही विशेषणे, पण ‘स्लोली’ हे क्रियाविशेषण, हा विद्यार्थ्यांना छळणारा घोळ तिथून सुरू झाला. पुढे ‘लाइक’ हा याच कुळातला शब्द पुन्हा नामाला जोडला जाऊ लागला आणि ‘चाइल्डलाइक’सारखी विशेषणे तयार झाली. एकाच मुळाचे हे दोन पिढ्यांतले प्रत्यय आजच्या इंग्रजीत शेजारी शेजारी नांदतात.

‘-लेस’ची कथा अशीच आहे. ‘लेआस’ म्हणजे मोकळा, रहित. ‘लूज’ आणि ‘लूझ’ हे त्याचे नातलग. ‘कमी’ या अर्थाच्या ‘लेस’शी त्याचा संबंध नाही, जरी आज दोन्ही सारखेच लिहिले जातात. ‘-फुल’ हा तर उघडच ‘भरलेला’ या अर्थाचा शब्द. जुन्या इंग्रजीत ‘कारू’ म्हणजे दुःख, चिंता. म्हणून ‘केअरफुल’ माणूस आधी चिंतेने भरलेला होता, जपून वागणारा नंतर झाला. ‘-इग’ मात्र पहिल्यापासून प्रत्ययच होता. त्यातला ‘ग’ गळून ‘-ई’ उरला आणि ‘ब्लडी’, ‘आयसी’, पवित्र या अर्थाचा ‘होली’ ही रूपे मिळाली.

‘-इश’ मुख्यतः लोकसमूहांची नावे सांगण्यासाठी वापरला जाई. ‘इंग्लिश’ आणि ‘स्कॉटिश’मध्ये तो स्पष्ट दिसतो, ‘वेल्श’ आणि ‘फ्रेंच’मध्ये इतका आक्रसला आहे की ओळखूही येत नाही. ‘चाइल्डिश’ हे विशेषणही जुने, पण त्या वेळी त्यात निंदा नव्हती. मुलाला शोभेल असे, एवढाच अर्थ होता. निंदेची छटा मागाहून चिकटली आणि मग ‘चाइल्डलाइक’ हे कौतुकाचे, ‘चाइल्डिश’ हे हिणवण्याचे, अशी वाटणी झाली.

काही प्रत्यय या वाटचालीत गळाले. ‘वाहणारा, धारण करणारा’ या अर्थाचा ‘-बेरे’ जुन्या इंग्रजीत होता. जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद ‘-बार’ आजही रोजच्या वापरात आहे, इंग्रजीत मात्र तो टिकला नाही. पदार्थवाचक ‘-एन’ने ‘गोल्डन’, ‘वुलन’, ‘वुडन’ दिले. दगडी या अर्थाचे ‘स्टेनेन’ मात्र नाहीसे झाले आणि आता तिथे ‘स्टोन’ हे नामच विशेषणाचे काम करते.

1066 साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले. दरबार, न्यायालय आणि सरदारांची घरे फ्रेंच बोलू लागली. पुढच्या तीन शतकांत फ्रेंच शब्द हजारोंनी आले आणि आपले प्रत्यय घेऊनच आले. आरंभी इंग्रजांनी ते शब्द अख्खेच उचलले. पण ‘चेंज’ आणि ‘चेंजेबल’, ‘प्रॉफिट’ आणि ‘प्रॉफिटेबल’ अशा जोड्या कानावर पडत राहिल्या तसा त्यातला ‘-एबल’ सुटा दिसू लागला. तो सुटा दिसल्यावर अस्सल इंग्रजी क्रियापदांनाही लावला गेला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ‘अंडरस्टँडेबल’ लिहिलेले आढळते. हा प्रत्यय लॅटिन ‘-आबिलिस’वरून आला आहे, समर्थ या अर्थाच्या ‘एबल’ शब्दाचे मूळ वेगळे, लॅटिन ‘हाबिलिस’. पण लोकांनी दोन्ही एकच मानले, आणि कदाचित या गैरसमजामुळेच प्रत्ययाला एवढे बळ मिळाले. ‘समजूत’ या घरच्या शब्दाला फारसी ‘-दार’ लावून ‘समजूतदार’ करणाऱ्या मराठी माणसाला ही प्रक्रिया परकी वाटू नये.

उलट दिशेनेही तेच झाले. ‘ब्यूटी’ आणि ‘मर्सी’ हे फ्रेंच शब्द, त्यांना घरचा ‘-फुल’ लागला. फ्रेंच ‘-अस’ लावलेले ‘ब्यूटिअस’ही घडले, पण ते कवितेपुरते राहिले आणि बोलण्यात ‘ब्यूटिफुल’ जिंकला. ‘-अस’चे आकर्षण इतके होते की जिथे तो नव्हता तिथेही तो ऐकू येऊ लागला. जुना शब्द ‘रिहटवीस’ म्हणजे योग्य रीतीचा. सोळाव्या शतकात, बायबलचा अनुवादक विल्यम टिंडल याच्या काळात, त्याचे रूप ‘राइचस’ असे स्थिरावले; त्याचे शेपूट फ्रेंच वळणाचे दिसते, पण शब्द नखशिखांत इंग्रजी आहे.

सोळाव्या शतकात लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांचा अभ्यास फोफावला आणि ‘-अल’, ‘-इव्ह’, ‘-अरी’, ‘-इक’ यांची भर पडली. यातला ‘-इक’ ग्रीक ‘-इकोस’चा वारस आहे, आणि ‘धार्मिक’, ‘सामाजिक’ यांतल्या संस्कृत ‘-इक’शी त्याचे दूरचे नाते सांगितले जाते. या नव्या भरतीला विरोधही झाला. थॉमस विल्सनने 1553 साली वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथात दौतीचा वास येणाऱ्या जडजंबाल शब्दांची खिल्ली उडवली. केंब्रिजचा ग्रीकचा प्राध्यापक जॉन चीक याने पुढचे पाऊल टाकले. सुमारे 1550 साली मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करताना त्याने ‘लूनॅटिक’ऐवजी ‘मून’ला ‘-एड’ लावून ‘मून्ड’ असे विशेषण घडवले. शब्द देखणा होता, पण रुजला नाही.

चीकचा पराभव झाला त्याचा परिणाम इंग्रजी अजून भोगते. नाम घरचे आणि त्याचे विशेषण लॅटिन, अशा जोड्या पक्क्या झाल्या: ‘सन’ला ‘सोलर’, ‘मून’ला ‘लूनर’, ‘टूथ’ला ‘डेंटल’, ‘माउथ’ला ‘ओरल’, ‘माइंड’ला ‘मेंटल’. नामावरून विशेषण ओळखणे अशक्य झाले आणि लॅटिन न शिकलेल्यांसाठी स्वतःचीच भाषा अर्धी बंद झाली. शब्दसमृद्धीच्या नावाखाली या गोष्टीचे जेवढे गोडवे गायले जातात तेवढी ती निर्दोष नाही. रॉबर्ट कॉड्रीने 1604 साली पहिला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश काढला तो सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचा होता, आणि तो प्रामुख्याने स्त्रिया व इतर लॅटिन न जाणणाऱ्या वाचकांसाठी असल्याचे त्याने मुखपृष्ठावरच सांगितले.

एकोणिसाव्या शतकात वाद पेटला तो ‘रिलायेबल’वरून. ‘रिलाय’ क्रियापदाला ‘ऑन’ लागते, मग ‘ऑन’ गाळून ‘-एबल’ कसा लावता, असा शुद्धतावाद्यांचा आक्षेप होता. शब्द अमेरिकी आहे म्हणून गावंढळ, असेही म्हटले गेले. प्रत्यक्षात तो सोळाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये लिहिला गेलेला आहे. या आक्षेपाला सविस्तर उत्तर देणारा माणूस संस्कृतचा पंडित होता. फिट्झएडवर्ड हॉल, जन्म 1825, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचा. तो 1846 साली कलकत्त्याला आला, बनारसच्या सरकारी संस्कृत कॉलेजात शिकवू लागला, संस्कृत ग्रंथांच्या आवृत्त्या काढल्या आणि 1862 साली लंडनला गेला. 1877 साली त्याने ‘-एबल’ लागलेल्या इंग्रजी विशेषणांवर, मुख्यतः ‘रिलायेबल’वर, एक पुस्तकच लिहिले. ‘लाफ’लाही ‘अ‍ॅट’ लागते, तरी ‘लाफेबल’ कुणाला खटकत नाही, ‘अनअकाउंटेबल’चेही तसेच. पुढे ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या संपादकांसाठी हॉलने सफोकमधल्या आपल्या घरी बसून वर्षानुवर्षे विनामोबदला काम केले. शब्द शुद्ध की अशुद्ध हे तर्काने ठरवण्याआधी लोकांनी तो कसा वापरला हे पाहावे, ही त्याची भूमिका योग्य होती. ‘रिलायेबल’ आज सगळेच न अडखळता वापरतात.

अठराव्या शतकात आलेल्या ‘पिक्चरेस्क’मधला ‘-एस्क’ फ्रेंचमार्गे इटालियन ‘-एस्को’वरून आला, आणि इटालियनने तो प्राचीन जर्मानिक बोलींतून घेतला होता. म्हणजे ‘-एस्क’ हा ‘-इश’चाच भाऊ, युरोपभर फिरून शेकडो वर्षांनी घरी आलेला.

आज ‘-सम’ आणि ‘-एन’ यांच्यापासून नवे शब्द जवळपास होत नाहीत. ‘हँडसम’, ‘लोनसम’, ‘वुडन’ हे जुने साठे तेवढे टिकून आहेत. ‘-एबल’, ‘-लेस’, ‘-ई’ आणि ‘-इश’ मात्र रोज नव्या शब्दांना लागतात. ‘-इश’ रंगांना आणि घड्याळातल्या वेळांनाही ‘सुमारे’ या अर्थाने लागतो, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तर तो एकटाच, स्वतंत्र शब्द म्हणून उच्चारला जातो. ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने त्याची वेगळी नोंद केली आहे.