एक कोकरू की दोन?

बारामती-इंदापूर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ऊस उभा राहतो. पण नीरेच्या डाव्या कालव्याने १८८०च्या दशकात या तालुक्यांत दोन संसार निर्माण केले. कालव्याखाली बागायत आली. माळावर जिरायत राहिली, आणि तिच्या जोडीला मेंढी.

ही मेंढी दख्खनी. नीरेपलीकडच्या लोणंदच्या बाजारामुळे तिच्या एका प्रकाराला लोणंद हेच नाव पडले. ती उन्हात मैलोगणती चालते, काटेरी पाल्यावर तगते. परंतु वेताला बहुधा एकच कोकरू देते. आपण सरकारी फार्मांवर मेरिनो, रॅम्बुले अशा परदेशी मेंढ्यांशी तिचा संकर करून पाहिला. त्यात लक्ष मुख्यतः लोकरीवर होते. धनगराची मिळकत मात्र विकलेल्या कोकरावर चालत होती.

बनविहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापिलेल्या फलटणच्या संस्थेने नेमका हा प्रश्न हाती घेतला. १९९० नंतरच्या दशकात तिथे सुंदरबनातील गरोळे मेंढ्या आल्या. अंगाने अगदी लहान, पण जुळी-तिळी देणाऱ्या! त्या गुणामागे एकच जनुक आहे. म्हणून संकरित पिढ्यांचा पुन्हा पुन्हा मोठ्या अंगाच्या दख्खनीशी मेळ घालून, रक्ततपासणीने ते जनुक राखता आले. यातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी घडली.

या जनुकाची कथा ऐकण्यासारखी आहे. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या. तेथील बुरूला मेरिनोंची बहुप्रसवता त्यांच्याकडूनच आली, असे संशोधक मानतात. २००१ मध्ये बुरूलांतील जनुकीय बदल सापडला आणि पुढे तोच गरोळेंतही आढळला. आपण ज्या खंडाकडे सुधारणेसाठी पाहत होतो, त्याला ही देणगी आपल्याच देशातून गेली होती.

तरीही एक गोष्ट विसरून चालणार नाही. जनुक कोकरू देते, दूध देत नाही. जुळ्यांच्या आईला गाभणपणाच्या अखेरीस आणि व्याल्यावर अधिक चारा व थोडा खुराक लागतो. न मिळाल्यास दुबळे कोकरू दगावते. जनुकाच्या दोन प्रती असल्यास तिळ्यांचा संभव वाढतो, म्हणून लहान कळपाला एकच प्रत सोयीची. बांधावर वैरण पिकवणाऱ्या अल्पभूधारकाला दुसरे कोकरू जगवता येईल. रोज नवे रान शोधत फिरणाऱ्या वाड्याला ते कठीण जाईल. माळावरच्या मेंढीला वैरण कोठून मिळणार, हा प्रश्न शेवटी पुन्हा पाण्याच्या वाटपाचाच आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कालव्याने आखलेली ती रेघ अजून पुसलेली नाही.