गारेजाची लेणी आणि गोव्यातील राणी

जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी मागे टाकून आग्नेयेस सुमारे ७० किलोमीटर गेले की झाडे संपतात आणि उघडे, गवताळ माळ सुरू होतात. याच निर्जल मुलखात ६ व्या शतकात सिरियाकडून आलेले तपस्वी संत दावीद व त्यांचे शिष्य लुकियान एका कपारीत राहिले. हरिणी येऊन त्यांना दूध देत. मात्र बुधवारी व शुक्रवारी, म्हणजे उपवासाच्या दिवशी, त्या फिरकत नसत, अशी परंपरा आहे. पुढे त्या कपारीभोवती खडकात खोदलेल्या खोल्या, प्रार्थनामंदिरे आणि मठ निर्माण झाले. हेच दावीद गारेजा, जॉर्जियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेचे प्राचीन तीर्थस्थान.

संत दावीद यांची आणखी एक कथा आहे. ते जेरुसलेमच्या यात्रेस निघाले. पण नगरी दृष्टीस पडताच, आत पाऊल ठेवण्याची आपली योग्यता नाही, असे त्यांना वाटले. वेशीबाहेरचे तीन दगड उचलून ते माघारी वळले. त्या रात्री जेरुसलेमच्या पॅट्रिआर्कना स्वप्नात देवदूत म्हणाला, एक यात्रेकरू नगरीची सारी कृपा घेऊन चालला आहे. दूत धावले. दोन दगड परत नेण्यात आले. एक दावीद यांच्यापाशी राहिला.

११ व्या ते १३ व्या शतकांत गारेजाचा उत्कर्ष झाला. राजघराण्याने आश्रय दिला, लेण्यांच्या भिंती चित्रांनी सजल्या. नंतर आक्रमणे आली. त्यांतील सर्वांत भीषण प्रहार १६१५ च्या ईस्टरच्या रात्री झाला. मेणबत्त्या घेऊन मिरवणुकीने निघालेल्या मठवासीयांवर इराणचा शहा अब्बास याचे सैन्य तुटून पडले. त्या रात्री ६००० मठवासी मारले गेले, असे जॉर्जियन ख्रिस्तसभा मानते आणि ईस्टरनंतरच्या मंगळवारी त्यांचे स्मरण करते. सोविएत राजवटीत मठ ओस पडले व हा परिसर लष्कराच्या तोफांच्या सरावासाठी दिला गेला. १९८७ साली विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. देश स्वतंत्र झाल्यावर मठवासी परतले.

आम्ही २०२३ च्या शरद ऋतूत तेथे गेलो. डोंगरमाथ्यापलीकडील उदाब्नोच्या चित्रांकित लेण्यांकडे जाणारी वाट अझरबैजानशी असलेल्या सीमावादामुळे २०१९ मध्ये बंद झाली होती. खालच्या मठातील मंदिरात आम्ही मागे, भिंतीशी उभे राहून प्रार्थना केली. १०५४ च्या फुटीनंतर आपण एकाच प्रभूची प्रार्थना करतो. पण प्रभुभोजनाच्या एका मेजाभोवती अजून जमू शकत नाही. याचे दुःख पुस्तकात वाचणे निराळे आणि तेथे उभे राहून अनुभवणे निराळे.

मुक्काम जवळच्या उदाब्नो गावात होता. हिमप्रपातांनी उद्ध्वस्त झालेल्या स्वानेती प्रांतातील कुटुंबे १९८० च्या दशकात येथे वसविली गेली. आमच्या वृद्ध यजमानीणबाईंनी वाटाड्यामार्फत विचारले, "पाहुणे कोठले?" वाटाड्या म्हणाला, "हिंदुस्थानचे, गोव्याच्या बाजूचे." गोव्याचे नाव ऐकताच बाईंनी हातातला पाव खाली ठेवला, क्रुसाची खूण केली आणि म्हणाल्या, "केतेवान!" मग विचारले, "मामाओ, तुम्ही तिच्याजवळ मेणबत्ती लावता ना?" तेथे धर्मगुरूंना मामाओ म्हणतात. आम्हांस उत्तर देता आले नाही.

केतेवान ही याच काखेती प्रांताची राणी. १६१४ च्या सुमारास आपल्या राज्यासाठी रदबदली करावयास ती शहा अब्बासकडे गेली आणि ओलीस राहिली. सुमारे १० वर्षे ती शिराझ येथे बंदिवासात होती. ख्रिस्ती श्रद्धा सोडण्यास तिने नकार दिला, म्हणून सप्टेंबर १६२४ मध्ये तापलेल्या सांडशांनी छळून तिला मारण्यात आले. तेथील पोर्तुगीज ऑगस्टिनियन मठवासीयांनी तिचे अवशेष गुप्तपणे हस्तगत केले. काही तिच्या पुत्राकडे जॉर्जियात पोचविले. काही १६२७ मध्ये गोव्यास आणून आपल्या मठात ठेवले. राणी ऑर्थोडॉक्स, मठवासी कॅथलिक. पण तिच्या अस्थी जपताना त्यांनी ही फूट आड येऊ दिली नाही.

१८३५ मध्ये तो मठ ओस पडला, १८४२ मध्ये मंदिराचे छत कोसळले. त्या अवशेषांत २००४ साली पुरातत्त्व खात्यास एक हाड सापडले. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या डीएनए तपासणीने ते केतेवानचे असल्याच्या मतास पुष्टी दिली. जुलै २०२१ मध्ये भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियास सुपूर्द केला.

आणि आम्ही? १९९४ साली सेमिनरीचे विद्यार्थी म्हणून आणि २००४ साली धर्मग्रामस्थांसह आम्ही संत फ्रान्सिस झेविअर यांच्या दर्शनास ओल्ड गोव्याला गेलो होतो. दोन्ही वेळा त्या पडक्या मनोऱ्याच्या सावलीत बसून आम्ही जेवणाचे डबे सोडले. दुसऱ्या वेळी तर ते हाड सापडून काही महिनेच झाले होते. येथे कोणाच्या अस्थी होत्या, हे आम्ही विचारलेदेखील नाही. पोर्तुगीज मठवासीयांनी जे जपले, ते आम्ही विसरलो.

निघताना बाईंनी मधमाश्यांच्या मेणाची एक बारीक मेणबत्ती आमच्या हाती दिली. डिसेंबर २०२४ मध्ये झेविअरांच्या दर्शनानंतर आम्ही धर्मग्रामस्थांना त्या टेकडीवर नेले आणि ती लावली. एका आजींनी विचारले, "फादर, ही संत आपली की त्यांची?" आम्ही त्यांना तीन दगडांची गोष्ट सांगितली.